रीजन्सी काळातली प्रेमकादंबरी मराठीत लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जियन आणि रीजन्सी यांत नेमका फरक काय?

१७१४ साली पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला आणि १८३० साली चौथा जॉर्ज वारला. मधली सगळी वर्षं ओळीने चार जॉर्जांची, म्हणून तो जॉर्जियन काळ. रीजन्सी हा त्याच्याच पोटातला छोटा तुकडा. तिसरा जॉर्ज १७८८मध्ये भ्रमिष्ट झाला, नंतर सावरला. पण १८१०च्या अखेरीस त्याची लाडकी लेक अमेलिया गेली आणि त्यानंतर तो पुरता भानावर कधी आलाच नाही. फेब्रुवारी १८११मध्ये थोरला मुलगा रीजंट झाला, म्हणजे बापाच्या नावाने कारभार पाहू लागला. २९ जानेवारी १८२० रोजी बाप वारला आणि रीजन्सी संपली. काटेकोर हिशेबाने अवघी नऊ वर्षं.

प्रकाशक ही नऊ वर्षं पुढेमागे बरीच ताणतात, त्याला माझी हरकत नाही. साल न ठरवता लिहायला बसणाऱ्यांची मात्र मला काळजी वाटते. १७६०मधला नायक भरजरी रेशमी कोट घालतो आणि टोपाला पावडर लावतो. १८१५मधला नायक गडद लोकरी कोटात, स्वतःच्या कापलेल्या केसांनिशी फिरतो. मध्ये १७९५ साली सरकारने केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला आणि आधीच मावळत चाललेली ती फॅशन आणखी वेगाने उतरली. नायिकेचंही तसंच. आजीच्या घागऱ्याला दोन्ही अंगांनी पिंजरे असायचे, नातीचा झगा छातीखालून सरळ खाली उतरतो. त्या झिरझिरीत झग्याला खिसा कुठे करणार? म्हणून हातात छोटी पिशवी आली.

आपल्या हिशेबात बसवून पाहा. पानिपत झालं तेव्हा जॉर्जियन काळ मध्यावर होता. रीजन्सी म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची शेवटची वर्षं. खडकीची लढाई नोव्हेंबर १८१७ची, पेशवाई बुडाली १८१८ला. मी वहीत दोन्हीकडच्या तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवते. का, ते पुढे येईलच.

इंग्लंड पाहिलेलं नाही. इथे बसून लिहिता येईल का?

येईल. आजचं लंडन पाहून १८१५चं लंडन दिसतं असंही नाही. ते दिसतं कागदांत, आणि त्यांतले बरेच कागद आता घरबसल्या फुकट मिळतात.

माझा सगळ्यांत लाडका खजिना म्हणजे ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाचे खटले. १६७४ ते १९१३पर्यंतच्या सुनावण्या ऑनलाइन आहेत आणि शब्द टाकून शोधता येतात. प्रेमकथेला चोर-दरोडेखोरांचा काय उपयोग, असं वाटेल. पण चोरीच्या खटल्यात चोरलेल्या प्रत्येक वस्तूची यादी असते, किमतीसकट. चादर किती शिलिंगांची, चांदीचा चमचा कुठल्या खणात होता, मोलकरीण रात्री किती वाजता दाराला कडी घालायची, मालकीणबाई कुठे झोपल्या होत्या, सगळं साक्षीत येतं. फिर्यादीला वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा नसते, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

कपड्यांसाठी अकरमन यांचं मासिक पाहा. १८०९ ते १८२९ या काळात त्यात दर महिन्याला रंगवलेली फॅशनची चित्रं येत. रस्त्यांसाठी रिचर्ड हॉरवूडचा १७९०च्या दशकातला लंडनचा नकाशा आहे. त्याने शहरातलं प्रत्येक घर दाखवायचा चंग बांधला होता. गिलरे आणि रोलंडसन यांची व्यंगचित्रं ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात दिसतात. कोण कोणाला हसत होतं हे कळलं की समाज निम्मा कळतो. बाजारी, शिवराळ बोलीसाठी ग्रोसचा १७८५चा कोश. आणि जेन ऑस्टेनला जरूर वाचा, पण एक ध्यानात ठेवून: ती ऐतिहासिक लिहीत नव्हती, आजूबाजूचं लिहीत होती. त्यामुळे तिच्या वाचकाला ठाऊक असलेलं ती सांगतच नाही. झग्याचं कापड, मेणबत्तीचा वास, बग्गीचे हिसके हे सगळं तुम्हाला दुसरीकडून आणावं लागेल.

लग्न कसं व्हायचं? पळून जाऊन लग्न करता यायचं का?

इथे थोडं थांबू या, कारण प्रेमकथेचा कणा हाच. १७५३ साली लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा झाला आणि मार्च १७५४पासून अमलात आला. त्याआधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात कर्जबाजारी पाद्री हवी तेवढी झटपट लग्नं लावून देत. म्हणजे १७४० सालची तुमची नायिका दारूच्या गुत्त्यात लग्न करू शकते, १८१२ची नाही.

कायद्यानंतर रस्ते तीन. पहिला, दोघांच्या पॅरिशच्या, म्हणजे राहत्या हद्दीतल्या, चर्चमध्ये तीन रविवार जाहीर पुकारा. दुसरा, बिशपकडचा परवाना: पुकारा नाही, पण वर किंवा वधू २१ वर्षांखालची असेल तर बापाची किंवा पालकाची संमती हवीच. तिसरा, खास परवाना. तो फक्त कँटरबरीचे आर्चबिशप देत आणि तो असला की कुठेही, कधीही लग्न लागे. एरवी लग्नाची वेळ सकाळी आठ ते दुपारी बारा. गोरज मुहूर्ताची सवय असलेल्या आपल्याला संध्याकाळचं चर्च, शेकडो मेणबत्त्या असा प्रसंग लिहायचा मोह होतो. तो आवरा, किंवा नायकाला आधी आर्चबिशपच्या कार्यालयात पाठवा. पांढराशुभ्र लग्नाचा पोशाख ही रूढी रुजली ती १८४०मध्ये व्हिक्टोरिया राणीने घातल्यानंतर. बऱ्याच मुली आपला असेल तो चांगला झगा घालून उभ्या राहत.

हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ म्हटलं की झालं. म्हणून सरहद्दीपलीकडचं पहिलं गाव, ग्रेटना ग्रीन, प्रसिद्ध झालं. पण लंडनहून ते ३०० मैलांच्या पुढे. भाड्याच्या बग्गीला मैलाला शिलिंग-दीड शिलिंग, रात्रंदिवस घोडे बदलत गेलं तरी दीड-दोन दिवस. हा खर्च मोलकरणीच्या वर्षाच्या पगाराहून जास्त होतो. तेव्हा ‘ते दोघे पळाले’ असं एका वाक्यात उरकू नका. पैसे कोणी दिले? बाप किती तास मागे आहे? पावसाने रस्ता खचलाय का? आणि दोन रात्री एका बग्गीत काढलेल्या दोघांना एकमेकांचं घोरणं ऐकू आलं असेलच ना?

घटस्फोट जवळजवळ नव्हताच. चर्चचं कोर्ट वेगळं राहायला परवानगी देई, पुनर्विवाहाला नाही. पूर्ण काडीमोड हवा तर पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. १८५७पर्यंतच्या जवळपास दोनशे वर्षांत असे काही शे कायदे झाले आणि त्यांत बायकोच्या अर्जावरचे फक्त चार. पहिला १८०१ला. त्यामुळे ‘करारापुरतं लग्न, नंतर वेगळे होऊ’ हे आजचं लोकप्रिय कथानक त्या काळात उभंच राहत नाही. पण मोडलेला वाङ्निश्चय बघा: पुरुषाने शब्द फिरवला तर मुलगी त्याला कोर्टात खेचू शकत असे. नको असलेल्या मुलीशी ठरलेलं लग्न मोडता येत नाही आणि हवी ती समोर बसली आहे. एका बारीकशा कायदेशीर तपशिलात अर्धी कादंबरी आहे.

नायक दत्तक आलेला ड्यूक दाखवला तर चालेल?

हा प्रश्न फक्त मराठी लेखकच विचारतात आणि त्याचं कारण उघड आहे. आपल्या संस्थानांचा निम्मा इतिहास दत्तकविधानांचा. इंग्लंडमध्ये मात्र १९२६पर्यंत कायद्याने दत्तक हा प्रकारच नव्हता. लाडाने मुलगा वाढवा, इस्टेटीतली मोकळी मालमत्ता मृत्युपत्राने द्या, पण किताब देता येत नाही. अनौरस मुलालाही किताब नाही. आईबापांनी नंतर लग्न केलं तरी इंग्लंडात तो औरस होत नसे. स्कॉटलंडच्या कायद्यात होत असे. हा फरक वापरून कोणी मराठीत कादंबरी लिहिली तर मी पहिली प्रत विकत घेईन.

किताबांची उतरंड अशी: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. त्याखाली बॅरोनेट आणि नाइट, त्यांना ‘सर’. ‘सर’ नेहमी पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. अर्लच्या मुलीला ‘लेडी’ अधिक तिचं नाव, बॅरोनेटच्या बायकोला ‘लेडी’ अधिक नवऱ्याचं आडनाव. ही चूक इतकी सर्रास होते की आता मी ती मोजायचं सोडलं आहे. आणि ड्यूक जरा बेतानेच वापरा. राजघराणं वगळलं तर खऱ्या देशात ते पंचवीस-तीसच होते. कादंबऱ्यांत दर गल्लीत एक भेटतो.

‘कझिन’ला मराठीत काय म्हणू?

इथे मराठी तुम्हाला इंग्रजीपेक्षा जास्त कामाला लावते आणि मला ते आवडतं. इंग्रजी लेखकाने ‘कझिन’ म्हटलं की सुटला. तुम्हाला ठरवावं लागतं: चुलत, मामे, आते की मावस? त्यासाठी वंशवेल काढावी लागते, आणि ती काढली की कळतं की किताबाचा वारस होऊन घर बळकावायला येणारा तो आगंतुक जवळपास नेहमीच चुलत घराण्यातला असणार, कारण बहुतेक किताब पुरुषांच्या ओळीनेच उतरतात. मामेभाऊ येऊन अर्ल होऊ शकत नाही. मराठी वाचक हा घोळ तत्काळ पकडेल. इंग्रजी वाचकाच्या तो ध्यानातही येणार नाही.

दुसरा पेच. इंग्लंडात सख्ख्या काका-मामांच्या मुलांशी लग्न कायदेशीर होतं, चारही बाजूंनी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हटलं तर कोणी भुवई उंचावणार नाही, पण चुलत भावाबहिणीचं लग्न वाचताना वाचक अडखळतो. काळाशी इमान राखायचं तर ते लग्न लिहा, पण वाचक बिचकणार हे धरून चाला. दोन पानं आधी एखाद्या म्हाताऱ्या काकूच्या तोंडून ‘घरची इस्टेट घरात राहते, बरं’ असं वदवलं तरी पुरतं.

तू, तुम्ही, आपण: संवादांत काय वापरायचं?

मला विचाराल तर मराठीत रीजन्सी कथा लिहिण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. त्या काळच्या इंग्रजी बैठकीत सगळ्यांना एकच ‘यू’. जवळीक दाखवायला लेखकाला पहिल्या नावाचा आधार घ्यावा लागतो: ‘मिस अमुक’ म्हणणारा एक दिवस नुसतं नाव घेतो आणि सभागृह हादरतं. आपल्याकडे तो क्षण तर आहेच, शिवाय ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरण्याचाही आहे. तो कादंबरीत एकदाच येतो, म्हणून जपून खर्च करा. पावसात अडकलेल्या बग्गीत घाबरून तिच्या तोंडून ‘तू भिजलायस’ निघून जातं, आणि पुढच्याच वाक्याला ती ‘तुम्ही’वर परत येते. एवढ्या एका सर्वनामाने चुंबनाचं काम होतं.

नोकर मालकाला ‘आपण’, मुलं बापाला ‘तुम्ही’ (ते ‘सर’ म्हणत), बहिणी एकमेकींना ‘तू’. नवरा-बायको? त्या काळच्या कितीतरी बायका चारचौघांत आणि घरातही नवऱ्याला ‘मिस्टर’ आणि आडनाव लावूनच बोलत. आपल्या आजीच्या ‘इकडून’ आणि ‘अहो’ची ही सख्खी मावसबहीण. तेव्हा बायको ‘तुम्ही’ म्हणाली तर ते जुनाट वाटेल अशी भीती नको. ते बरोबरच आहे.

ड्यूकला उद्देशून म्हणायच्या ‘युअर ग्रेस’चं ‘आपली कृपा’ करू नका, वाचक हसेल. ‘युअर ग्रेस’ तसंच ठेवा, किंवा नोकराच्या तोंडी ‘सरकार’ घाला. बाकी शब्दांसाठी घरच्या पेटीत हात घाला. तरुण मुलीबरोबर सोबतीला पाठवायची पोक्त बाई म्हणजे पाठराखीण. सासरी नाही तरी नाचाला जाते आहे, चालून जातं. लग्नाचं वय उलटलेली ती घोडनवरी. बायकांच्या नादी लागलेला श्रीमंत तरुण रंगेल, छंदीफंदी. आणि बागेत दोघं एकटी सापडली की होतो तो बभ्रा.

म्हणी आणि वाक्प्रचार वापरावेत का?

गाळून घ्यावेत. माझ्या पहिल्या मसुद्यात १८१३ सालच्या एका लॉर्डची ‘गाडी रुळावर’ आली होती. प्रवासी आगगाडीला तेव्हा बारा वर्षं अवकाश होता. स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्ग सुरू झाला १८२५ला. ‘करंट बसल्यासारखं’, ‘ब्रेक लागला’, ‘फिल्मी’ हे तर जायलाच हवेत.

उलट बाजूचा धोका जास्त लबाड. लॉर्डच्या तोंडी ‘संक्रांत ओढवली’, ‘राहू-केतू मागे लागले’, ‘काखेत कळसा’ आलं की डोळ्यांसमोर धोतर नेसलेला लॉर्ड उभा राहतो. माझी साधी चाळणी अशी: देव, सण, पंचांग आणि पाणवठा यांवर उभा असलेला वाक्प्रचार बाहेर. शरीर, जनावरं, वारा-पाऊस, भाकरी यांवरचा आत. ‘पोटात गोळा आला’ कुठल्याही देशात येतो. निवेदकाच्या भाषेत थोडी सूट घ्यायला हरकत नाही, मी घेते.

नाच, अल्मॅक्स, वॉल्ट्झ... नायक-नायिकेने किती वेळा नाचावं?

एका रात्रीत दोनदा. तिसऱ्यांदा नाचले की लोक तारीख विचारू लागतात.

अल्मॅक्स ही सेंट जेम्स भागातल्या किंग स्ट्रीटवरची सभागृहं, १७६५ला सुरू झालेली. रीजन्सीत तिथला बुधवारचा नाच म्हणजे लग्नाच्या बाजाराची पेठ. प्रवेश पैशाने नाही, लेडी जर्सी, काउंटेस लीव्हन अशा मोजक्या मानकरी बायकांच्या मर्जीने. खायला पातळ पाव-लोणी, प्यायला चहा आणि लेमोनेड. दारू नाही. वॉल्ट्झला मिठीत नाचायचं म्हणून बराच विरोध होता. जुलै १८१६मध्ये रीजंटच्या दरबारी नाचात वॉल्ट्झ झाला तेव्हा ‘द टाइम्स’ने त्याच्यावर जाहीर कोरडे ओढले.

खेड्यातला नाच मात्र पौर्णिमेच्या आगेमागे ठरवत, कारण परतताना बग्गीला चांदणं हवं. पंचांग बघून नाच! हे मी वाचलं तेव्हा इतकी खूश झाले की लगेच एक प्रकरण लिहून काढलं. नायिका चांदण्यात परतते आहे आणि ढग येतात.

पैशांचा हिशेब डोक्यात बसत नाही.

१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, २१ शिलिंगांची गिनी. माणसाची श्रीमंती साठ्याने नाही, वर्षाच्या उत्पन्नाने सांगतात. मुलीकडे २०,००० पौंड असतील तर ते सरकारी रोख्यांत पाच टक्क्यांनी वर्षाला १,००० देतात. इतकं कळलं की पुष्कळ झालं. हुंडा होता, पण त्याबरोबर करारही होत असे: नवऱ्यामागे बायकोला किती, धाकट्या मुलांना किती, तिच्या हातखर्चाला किती. कारण लग्नानंतर करारात न बांधलेला तिचा पैसा नवऱ्याचा होई. आपल्या शास्त्रांतली स्त्रीधनाची कल्पना सांगितली असती तर तिथल्या वकिलांना घाम फुटला असता. १७९७ ते १८२१ बँक ऑफ इंग्लंड नोटांच्या बदल्यात सोनं देत नव्हती, तेव्हा नायकाने टेबलावर सोन्याच्या नाण्यांची थैली आपटण्याआधी विचार करावा.

पत्र, प्रवास, बातमी यांना किती वेळ लागायचा?

१७८४ला टपाल-बग्ग्या सुरू झाल्या, वेग ताशी सात-आठ मैल. टपालखर्च बहुधा पत्र घेणारा भरी, आणि तो कागदांच्या संख्येवर असे. म्हणून पाकीट नसे, कागदच दुमडून लाखेने बंद करत. जागा संपली की कागद आडवा धरून लिहिलेल्यावरच पुन्हा लिहीत. वाङ्निश्चय न झालेल्या मुलीने परक्या तरुणाला पत्र लिहिणं म्हणजे अर्धी बदनामी. त्यामुळे नायिकेच्या नावाने आलेल्या पत्राचे पैसे बाप भरतो आणि अक्षर न्याहाळतो, हा प्रसंग तयारच आहे. मुंबईहून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून लंडनला पत्र जायला पाच-सहा महिने, म्हणजे उत्तर हातात पडेपर्यंत वर्ष.

ऋतू आणि निसर्ग?

आपल्या प्रेमकवितेला पावसाची सवय आहे. तिथे भिजलेली नायिका तापाने अंथरूण धरते. ऊन हे तिथलं सुख. जूनमध्ये लंडनला सूर्य आठनंतर मावळतो, डिसेंबरात चारच्या आत. मोगरा, रातराणी विसरा. मेमध्ये कुंपणांवर हॉथॉर्न फुलतो. सालही तपासा. फेब्रुवारी १८१४मध्ये टेम्स गोठली आणि बर्फावर जत्रा भरली. १८१६ला उन्हाळा आलाच नाही: आदल्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख आकाशात होती. त्या जूनमध्ये सोनेरी उन्हात सहल काढलीत तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल.

कथेत भारतीय, विशेषतः मराठी माणूस आणता येईल का? ओढूनताणून वाटेल?

ओढूनताणून? मला तर उलट वाटतं, ती माणसं तिथे होतीच, आपण त्यांना बोलावलं नाही इतकंच.

१७८१ साली राघोबादादाचा वकील हनुमंतराव लंडनमध्ये होता, सोबत मणियार पारशी आणि त्याचा मुलगा. सोवळ्याने रांधून खायची पंचाईत झाली, तेव्हा ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं झाडांचं काचघर त्यांच्या स्वयंपाकाला मोकळं करून दिलं. इंग्लंडच्या थंडीत, काचेच्या घरात, चूल पेटवून बसलेला ब्राह्मण, आणि खिडकीतून बघणारी घरातली मंडळी. यावर अजून कोणी कादंबरी लिहिली नसेल तर आश्चर्य आहे.

पाटण्याचा दीन महंमद आयर्लंडला गेला, १७८६मध्ये जेन डेली या आयरिश मुलीबरोबर पळून जाऊन लग्न केलं, १८१०मध्ये लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाउस काढलं, दिवाळं वाजल्यावर ब्रायटनला चंपी-मालिशचे हमाम चालवले आणि चौथ्या जॉर्जचा ‘शाम्पूइंग सर्जन’ झाला.

उलट दिशेला या. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला अंबर कौर नावाच्या हिंदुस्थानी स्त्रीपासून मुलं होती. सवाई माधवरावांचं चित्र काढणारा स्कॉटिश चितारी जेम्स वेल्स १७९५ला साष्टीत वारला. त्याची मुलगी सुझॅना १७९९ला याच मॅलेटची लग्नाची बायको झाली. अंबर कौरच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसली असेल? संगमावरची ती रेसिडेन्सी खडकीच्या लढाईच्या वेळी जळाली. १८०९मध्ये मुंबईला येणाऱ्या जहाजावर मारिया डंडास या इंग्रज तरुणीला नौदलाचा अधिकारी थॉमस ग्रॅहम भेटला, त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं, आणि ती कार्ल्याची लेणी, पुणं बघत हिंडली. तिची रोजनिशी छापलेली आहे.

आणि आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. किटी पॅकनमच्या घरच्यांनी त्याला नाकारलं होतं: धाकटा मुलगा, खिसा रिकामा. तो हिंदुस्थानात आला, २३ सप्टेंबर १८०३ला आत्ताच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांशी लढला, पैसा आणि नाव घेऊन परत गेला आणि १८०६ला तिच्याशी लग्न केलं. मधल्या दहाहून जास्त वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. संसार सुखाचा झाला नाही. या प्रेमकथेची किंमत असईच्या शेतांत पडलेल्यांनी मोजली, आणि हे मराठीत लिहिणाऱ्याला दिसलं नाही तर कोणाला दिसणार?

यासाठी पुण्याचं पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली छापून झाला आहे.

नायक श्रीमंत आहे. पैसा कुठून आला हे सांगायलाच हवं का?

तुम्हाला तरी माहीत हवं. जमिनीचा खंड, कोळसा, कंपनीची चाकरी, की कॅरिबियनमधला उसाचा मळा? ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला १८०७ला, गुलामगिरी संपवणारा कायदा आला १८३३ला, आणि भरपाईचे दोन कोटी पौंड मिळाले ते मालकांना. कोणाला किती, हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या खुल्या नोंदींत नावानिशी दिसतं. १८१७-१८च्या दख्खनच्या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सेनापती कितीतरी वर्षं भांडत होते. ‘दूरच्या वसाहतीत कमावलेली संपत्ती’ एवढंच लिहून पुढे जाणं मला आता जमत नाही. नायिकेने एकदा तरी विचारावं.

शृंगार किती लिहावा?

तुम्हाला जमेल आणि पेलेल तेवढा. फक्त परिणाम विसरू नका. जनावरांच्या आतड्याचे निरोध होते, पण भरवशाचे नव्हते. बाळंतपण जिवावरचं: राजकन्या शार्लट, साक्षात गादीची वारस, नोव्हेंबर १८१७मध्ये मेलेल्या बाळाला जन्म देऊन गेली. आणि संमती आजच्या वाचकाला हवी तितकीच त्या काळच्या मुलीलाही हवी होती.

संशोधन कधी थांबवायचं?

मी दोन वर्षं थांबले नाही, म्हणून सांगते: प्रसंग लिहायला लागा आणि अडेल तिथे चौकट काढून पुढे जा. ‘[इथे कुठला पंखा?]’ असं. प्रकरण संपल्यावर चौकटी भरा. तपशील दोघांना जवळ आणत नसेल किंवा लांब ठेवत नसेल तर तो वहीतच राहू दे. माझ्याकडे बग्ग्यांच्या चाकांवर चाळीस पानं आहेत. कादंबरीत एक चाक मोडतं.

चूक छापली गेली आणि वाचकाने पकडली तर?

आभार माना. माझ्या एका दिवाळी अंकातल्या कथेत १८१४चा नायक काडी ओढून मेणबत्ती पेटवतो आणि उजेडात तिचा चेहरा दिसतो. छान जमलं होतं. घासून पेटणारी काडी जॉन वॉकरने विकायला आणली १८२७ला, हे एका निवृत्त रसायनाच्या मास्तरांनी पोस्टकार्डावर कळवलं. पुढच्या आवृत्तीत नायक चकमक झाडत बसतो. ठिणगी पडत नाही, पुन्हा पडत नाही, आणि तेवढा वेळ दोघांना अंधारात बोलावं लागतं. प्रसंग दीड पान लांबला.